टाकीखालचा जोड

“ती चाळणी खाली ठेवा आधी,” मी म्हणाले. “त्यात मी पीठ चाळते.”

ह्यांनी चाळणी खाली ठेवली, पण रिकामी केली नाही. आत सात स्क्रू, दोन वॉशर आणि एक रबराची चकती होती. अंगणात आमची मोटारसायकल मधल्या स्टँडवर उभी होती आणि तिचा हेडलाइट वायरींना लोंबकळत होता. त्याला आधार म्हणून कपडे वाळत घालायची दोरी सोडून बांधली होती. माझे धुतलेले कपडे पिळे घातलेल्या अवस्थेत बादलीत तसेच पडून. शनिवारची सकाळ, साडेदहा वाजलेले. मी बादली सावलीत सरकवली. बोलून उपयोग नव्हता, कारण ह्यांच्या कपाळावर ती आडवी आठी आली होती, जी आली की ह्यांना शेजारचं घर पेटलेलंही ऐकू जात नाही.

भानगड काय होती ती सांगते. आमच्या गाडीच्या मीटरमध्ये एक पिवळा दिवा आहे. टाकीतलं पेट्रोल कमी झालं की तो लागतो आणि पेट्रोल भरलं की विझतो. गाडी नवी असताना तरी असंच होत असे. गेली सहा वर्षं मात्र तो सदासर्वकाळ चालू. टाकी काठोकाठ भरलेली असो की खडखडीत रिकामी, हा आपला पेटलेला. बरं, या गाडीला बाकीच्या जुन्या गाड्यांसारखा रिझर्व्हचा नळही नाही. बनवणाऱ्यांनी नळाच्या ऐवजी हा दिवा दिला होता, आणि दिव्याने आमच्याकडे येऊन असे गुण उधळले.

ह्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. रोज सकाळी हे गाडी दोन्ही गुडघ्यांत धरून हलवायचे, कान टाकीजवळ न्यायचे आणि आतला आवाज ऐकून सांगायचे, अजून दोन दिवस. आणि खरोखर गाडी दोन दिवस चालायची. मी कितीदा म्हटलं असेल की तो दिवा एकदाचा दुरुस्त करा. तर म्हणायचे, मला ऐकू येतंय ना, मग दिव्याला कशाला विचारायचं?

भिंगरीला ऐकू येत नव्हतं, तिथे पंचाईत झाली.

भिंगरी म्हणजे आमची लेक. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव, ते तेविसाव्या वर्षीही चिकटून राहिलंय. तिला पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. आसपासच्या विहिरींतून, टाक्यांतून, नळांतून बाटल्या भरून आणायच्या आणि तपासायला द्यायच्या, असं काम. प्रयोगशाळा आमच्या घरापासून चाळीस किलोमीटरवर. स्वतःची गाडी असेल तर घरून निघून थेट कामाला जायची मुभा होती. नसेल तर तिकडेच खोली घेऊन राहायचं आणि प्रयोगशाळेच्या जीपमधून फिरायचं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. गुरुवारी ती रस्ता बघून येते म्हणून गाडी घेऊन गेली आणि परतीच्या वाटेवर पेट्रोल संपलं. दिवा जाताना चालू होता, येतानाही चालू होता. मग त्याच्याकडे बघायचं तरी कशाला तिने? भर उन्हात तीन किलोमीटर गाडी ढकलत पंपापर्यंत नेली.

घरी आली ती घामाने निथळत. लागोपाठ दोन पेले पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, “बाबा, सोमवारपर्यंत दिवा नीट झाला तर मी रोज घरून जाईन. नाहीतर तिकडे खोली बघते.”

चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. चिडलेली भिंगरी संध्याकाळपर्यंत विरघळते. शांतपणे बोललेलं ती करते. नव्या गाडीचा विषय तर ह्यांच्यासमोर काढायची सोयच नव्हती. म्हणजे सगळा मामला त्या गुंजेएवढ्या दिव्यावर येऊन ठेपला. मला लेक घरात हवी होती. तिने दमून यावं, चपला दारात भिरकावाव्यात, आज कुठल्या विहिरीवर कुत्रा मागे लागला ते सांगावं, एवढंच मला हवं होतं. आणि ह्यांना? ह्यांना तो फॉल्ट हवा होता. खोटं कशाला बोलू, दिवा दुरुस्त करायचा म्हटल्यावर ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा पाहिलं.

हे टेलिफोन खात्यात लाइनमन. एकतीस वर्षं खांबांवर चढण्यात गेली. तेव्हा वादळ झालं की दुसऱ्या दिवशी सगळं गाव मुकं व्हायचं आणि खिडकीखिडकीतून लोक ह्यांना हाका मारायचे. लाइन जोडून झाली की खांबावरूनच, कमरेला लटकवलेल्या फोनवरून, हे पहिला फोन आमच्या घरी लावायचे. “येतोय का आवाज?” मी म्हणायचे, येतोय. “बरं.” की फोन बंद. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मला दिवसाकाठी असे चार-पाच फोन यायचे आणि शेजारणींना वाटायचं, काय बाई हिचा नवरा, किती आठवण काढतो. मीही तो गैरसमज कधी दूर केला नाही. पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले. खात्याने तारा उतरवल्या, कार्यालयाला कुलूप लागलं आणि हे घरी आले. तेव्हापासून ह्यांना कुणी काही विचारलं असेल तर ते जेवायला कधी वाढू, एवढंच. तेही मीच.

शुक्रवारी सकाळी कोपऱ्यावरचा गॅरेजवाला येऊन गेला. त्याने चावी फिरवली, दिवा पाहिला आणि हात न लावताच निदान केलं. टाकीतला सेन्सर गेला, हा भाग आता बनत नाही, दिव्याची वायर उपटून टाका म्हणजे कटकट मिटली. ह्यांनी त्याला चहा पाजला, निरोप दिला, आणि तो फाटकाबाहेर पडताच म्हणाले, “नाडी न बघता मेला म्हणून सांगतो.” बाजाराच्या मागे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक हुशार माणूस आहे. माझ्या मैत्रिणीच्या मुलाची गाडी त्याने अर्ध्या तासात चालू करून दिली होती. त्याचा नंबर माझ्याकडे होता. मी तो कुणालाच सांगितला नाही. शनिवारी दुपारी मला त्याचा थोडा पश्चात्ताप झाला, ते पुढे येईलच.

शुक्रवारी संध्याकाळी ह्यांनी कामाला हात घातला. भिंगरी पायरीवर बसून बघत होती, तेव्हा तिला शिकवणीही सुरू झाली. लाइन कितीही लांब असो, घाबरायचं नाही. मधोमध तोडायची. एका बाजूचा दोष गेला की अर्धी लाइन सुटली. उरलेली अर्धी पुन्हा मधोमध तोडायची. असं करत करत वीतभर तार उरते, आणि चोर त्या वीतभर तारेत असतो. एवढं बोलून ह्यांनी टाकीच्या कडेखाली हात घातला आणि सेन्सरकडे जाणारा खटक्याचा जोड चिमटीने ओढून वेगळा केला. चावी फिरवली. दिवा चालूच.

“बघितलंस?” ह्यांचा आवाज चढला. “टाकी तोडली तरी दिवा चालू. म्हणजे सेन्सर निर्दोष. वाटेत कुठेतरी वायर लोखंडाला टेकलीये आणि दिव्याला वाटतंय पेट्रोल संपलं.”

त्या संध्याकाळी हे दोन घास जास्त जेवले. गॅरेजवाल्याचं चहापाणी वसूल झालं.

शनिवारी मात्र गाडं पुढे सरकेना. हेडलाइट उघडला, त्यामागचा वायरींचा गुंता मोकळा केला, मीटर खोलला. एकेक वायर बोटांतून सरकवत पाहिली, भिंग लावून पाहिली. दुपार झाली. मी दोनदा जेवायला बोलावलं, तिसऱ्यांदा ताट अंगणातच नेऊन ठेवलं. ह्यांनी डाव्या हाताने चार घास खाल्ले, उजव्यात वायर होती. तीन वाजता हे पायरीवर येऊन बसले. दिवा मीटरसकट बाहेर लोंबत होता आणि पिवळाजर्द पेटला होता. तेव्हा मला तो नंबर आठवला. वाटलं, आपण उगाच ह्यांचा अंत बघितला, एक फोन केला असता तर आतापर्यंत सगळी गाडी जागेवर असती. भिंगरी आतून कपड्यांची बॅग काढत होती. नुसती झटकून ठेवायला, असं ती म्हणाली. 

चार वाजता ती ह्यांच्यासाठी चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, “बाबा, मधोमध तोडून बघितलं का?”

हे चहा पीत राहिले.

“हेडलाइटच्या मागे जो मोठा जोड आहे, तो मधोमधच आहे ना? तो काढला की पुढचं एकीकडे आणि मागचं एकीकडे.”

“मागे बघायची गरज नाही,” हे म्हणाले. “मागे वायरीला हाताने पिळलेला एकच जोड आहे, टाकीखाली. उंदराने कुरतडली होती तेव्हा मी केलेला. बारा वर्षं झाली.”

“मग?”

“मग काय? तो जोड माझा आहे.”

एवढं म्हणून कप तिथेच ठेवून हे आत गेले. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. एकतीस वर्षांत ह्यांच्या जोडाबद्दल कधी तक्रार आली नव्हती, हे आमच्या घरात जमिनीला जमीन म्हणावं इतकं पक्कं. साहेब लोक नव्या पोरांना ह्यांचे जोड दाखवायला खांबाखाली घेऊन यायचे. पण तत्त्व तर ह्यांनीच शिकवलेलं, आणि शिकवलेलं विसरायची तिला सवय नाही. ती गाडीपाशी गेली, दोन्ही हातांनी तो मोठा जोड धरला आणि ओढला.

दिवा विझला.

मी मागे वळून पाहिलं तर हे दारात उभे होते. सगळं पाहिलं होतं ह्यांनी.  म्हणाले, “म्हणजे चोर मागच्या अर्ध्यात. उद्या सकाळी टाकी काढू.” आणि स्वतःच कपड्यांची दोरी सोडून पुन्हा जागेवर बांधली.

रविवारी सकाळी आठ वाजता दोघांनी मिळून टाकीतलं पेट्रोल प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये काढलं, मागचा बोल्ट सोडवला, नळी काढली आणि टाकी उचलून जुन्या गोधडीवर ठेवली. टाकीखाली बारा वर्षांची धूळ होती. ह्यांनी ती फुंकर मारून, फडक्याने पुसली, आणि खाली ह्यांचा जोड दिसला. आठ वेढ्यांचा, सरळ, वरून टेप गुंडाळलेला, काल केल्यासारखा. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

पण जोडाच्या शेजारी वायरीचं एक वेटोळं होतं, हातभर लांबीचं, नीट गुंडाळून ठेवलेलं. टाकीची कड बरोबर त्याच्यावर बसत होती. खड्ड्याखड्ड्याला घासून घासून वरचं प्लॅस्टिक गेलं होतं आणि उघडं तांबं गाडीच्या सांगाड्याला टेकलं होतं.

“ही एवढी वायर कशाला सोडलीत?” भिंगरीने विचारलं. तिने अगदी सहज विचारलं होतं.

हे खाली बसले. “पुढच्या माणसासाठी,” म्हणाले. “आमच्यात तशी पद्धत असते. जोड केला की हातभर तार जास्तीची सोडायची. पुन्हा कधी तुटली तर जो येईल त्याला पुरायला हवी ना? खांबावर चढल्यावर तार चार बोटं कमी पडते तेव्हा माणसाला रडू येतं. मला आलेलं आहे.” मग वेटोळ्याकडे बोट करून म्हणाले, “खांबावर तार हवेत असते. इथे वर टाकी बसते, हे डोक्यात आलं नाही. फॉल्ट माझाच आहे.”

हे वाक्य मी लग्नापासून ऐकलं नव्हतं. ऐकायची इच्छा पुष्कळदा झाली होती, पण त्या दिवशी ऐकलं आणि नको वाटलं. मनात आलं, माणसाने सगळा जन्म दुसऱ्याची सोय बघावी आणि नेमकी त्यातूनच स्वतःची लेक रस्त्यावर अडकावी, हे काही बरोबर नाही. मी काहीतरी बोलणार होते. पण भिंगरीच आधी बोलली.

“बरं झालं सोडलीत. ही घासलेली वायर कापून टाकायची, तर उरलेली पुरते आहे. नाहीतर आज रविवारी नवी कुठून आणली असती?”

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. पक्कड उचलली, वायरीची टोकं सोलायला घेतली, आणि थांबले. बारीक तारा ह्यांना आता दिसत नाहीत. भिंग डोळ्याला धरलं तर एक हात कमी पडतो. दोन-तीनदा खटपट केली आणि मग पक्कड तिच्या हातात दिली.

पुढची वीस मिनिटं मी दारात उभी राहून बघत होते, भाजी करपू दिली. हे सांगत होते आणि ती करत होती. दोन्ही टोकं एकमेकांवर आडवी. आता पहिला वेढा सैल, पुढचे घट्ट. बोटाने नको, पकडीने. मध्ये एकदा ती म्हणाली, सहा बास झाले. हे म्हणाले, आठ. तिने आठ केले. टेप गुंडाळून झाल्यावर तिने विचारलं की आताही जास्तीची वायर ठेवायची का. ह्यांनी आधी गोधडीवरच्या टाकीकडे पाहिलं.

“ठेव,” म्हणाले. “पण टाकी बसते तिथे नाही. सीटच्या खाली सरकव आणि बांधून टाक.”

टाकी जागेवर बसली, रिकामीच. सगळे जोड लागले, हेडलाइट आणि मीटर जागेवर गेले. भिंगरीने चावी फिरवली. दिवा लागला नाही. तिने टाळी वाजवायला हात वर केले, तर हे म्हणाले, थांब. दिवा विझला म्हणजे काम झालं असं नाही, मेलेली लाइनही गप्पच असते. टाकी रिकामी आहे, म्हणजे दिवा लागला पाहिजे. पेट्रोलात बुडालेला नसला की सेन्सर तापतो आणि दिवा लावतो, पण तापायला वेळ लागतो.

आम्ही तिघं मीटरवर वाकून उभे राहिलो. भाजी बंद करायला म्हणून आत जाऊन आले तरी दिवा काळाच. भिंगरी तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होती. ह्यांचा एक हात टाकीवर होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मला त्या क्षणी दिवा, नोकरी, खोली काही दिसत नव्हतं. एवढंच वाटत होतं की हा दिवा लागू दे, ह्यांच्यासाठी लागू दे.

लागला. आधी तांबूस, मग हळूहळू पिवळा. भिंगरीने कॅन उचलला आणि टाकीत पेट्रोल ओतलं, धार बारीक ठेवून. दिवा फिका झाला आणि विझला. सहा वर्षांनी.

ह्यांनी खिशातला रुमाल काढून मीटरची काच पुसली. म्हणाले, “झालं.”  मी भाजीचं निमित्त करून आत गेले आणि पदर डोळ्यांना लावून बाहेर आले, तोवर त्या दोघांचं नवंच काहीतरी चालू होतं. भिंगरी विचारत होती की दिवा लागल्यावर गाडी आणखी किती किलोमीटर जाते. ह्यांना माहीत नव्हतं. कधी काळी माहीत होतं, आता विसरले होते. आणि वाटेत पंप तर एकच.

“मग बघून येऊ या,” ती म्हणाली. “दिवा जेमतेम विझेल एवढंच टाकीत ठेवते. दिवा लागला की किलोमीटरचा आकडा बघायचा, आणि गाडी बंद पडेपर्यंत जायचं. बाकीचं पेट्रोल बाटलीत बरोबर घेऊ.”

मी म्हटलं, म्हणजे मुद्दाम बंद पाडायची? तर दोघांनीही माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी रिकामी बाटली शोधायला आत गेले. दिवसभर खोलीचा विषय निघाला नव्हता आणि मी तो काढणारही नव्हते. ती बॅग पुन्हा पलंगाखाली गेली होती, ते मी झाडताना पाहिलं होतं.

भिंगरीने हेल्मेट घातलं. हे आत जाऊन स्वतःचं हेल्मेट घेऊन आले, बाटली घेतली, गाडीपाशी गेले आणि हँडलला हात घातला. ती आधीच तिथे उभी होती. एक क्षणभर दोघांचे हात हँडलवर होते. मग ह्यांनी आपला हात काढला. चावी तिच्या हातात दिली, ती पुढे बसेपर्यंत थांबले, आणि मागे बसले.

या गाडीवर मी हजारो वेळा मागे बसले असेन, हे कधीच बसले नव्हते. पाय कुठे ठेवायचे ते ह्यांना सापडेना. मी फाटकातून सांगितलं की ती पट्टी खाली उघडते. हात कुठे ठेवायचे तेही कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग मागच्या दांडीला धरून पाहिलं, शेवटी पेट्रोलची बाटली दोन्ही हातांनी पोटाशी धरली. मला हसू येत होतं. भिंगरीने विचारलं, बसलात का नीट? हे म्हणाले, हो, चल.

गाडी फाटकाबाहेर पडली. मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. सरळ रस्त्यावर ती हळू चालवत होती, ह्यांच्यासाठी असेल. कोपरा आला तसा तिने उजव्या बाजूचा इंडिकेटर लावला. आणि मागे बसलेल्या ह्यांनी बाटली डाव्या हातात घेतली, उजवा हात लांब बाहेर काढला, आणि वळण पूर्ण होईपर्यंत तसाच धरून ठेवला.